तिशीनंतर एमबीबीएस: आधी कागद, मग पुस्तक

मी २०११ ला बारावी झाले. तेव्हा महाराष्ट्रात मेडिकलला राज्याची प्रवेश परीक्षा एमएच-सीईटी होती, देशभराची 'नीट' अजून यायची होती. माझी यादी थोडक्यात हुकली, बी.फार्म केलं आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये गोळ्या विरघळायला किती मिनिटं घेतात ते मोजत बसले. लग्न झालं, मुलगी झाली. बत्तिसाव्या वर्षी, दुसऱ्या प्रयत्नात, सरकारी कॉलेजात एमबीबीएसला बसले. आता ओळखीतून ओळखीतून फोन येतात. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: "ताई, क्लास कुठला लावलास?"

क्लास ही चौथी पायरी आहे. आधी कागद, मग पैसा, मग घर, आणि त्यानंतर पुस्तक. अठरा वर्षांच्या पोराचे पहिले तीन प्रश्न आईवडील सोडवतात, आपले आपल्यालाच सोडवावे लागतात. बहुतेक जण क्रम उलटा धरतात, वर्षभर राबतात, मार्कही पाडतात आणि कागदपत्रं तपासायच्या टेबलावर अडकतात.

वयाची भानगड एकदाची मिटवू

वरची वयोमर्यादा नाही. २०१७ ला ती आली होती, खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३०. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत ती काढायचं ठरवलं आणि ९ मार्च २०२२ च्या पत्राने तसं कळवलं. किती वेळा नीट द्यायची यालाही बंधन नाही. अट आहे ती खालच्या वयाची: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण.

अपवाद पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजचा. तिथे वयाची अट आहे आणि उमेदवार अविवाहित लागतो, म्हणजे ते दार आपल्यासाठी बंद. बाकी उदाहरणं हवीच असतील तर ओडिशातले निवृत्त बँक अधिकारी जयकिशोर प्रधान २०२० ची नीट देऊन चौसष्टाव्या वर्षी सरकारी कॉलेजात गेले. आणि आपल्याकडच्या डॉक्टर रखमाबाई बालपणीच्या लग्नावरून कोर्टात चाललेला तो गाजलेला खटला संपवून १८८९ ला लंडनला शिकायला निघाल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. त्या काळच्या बाईच्या मानाने हे वय आजच्या चाळिशीच्या पलीकडचं धरा.

पहिली पायरी: बारावीची गुणपत्रिका शोधा

शोधा म्हणजे खरंच माळ्यावरून काढा. तीन गोष्टी बघा.

एक, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही विषय आहेत का आणि इंग्रजीत पास आहात का. दोन, या तिघांची बेरीज खुल्या गटासाठी ५० टक्के, राखीव गटासाठी ४० टक्के होते का. बारावीची एकूण टक्केवारी इथे कामाची नाही, आणि तुमच्या पदवीचे मार्क तर कोणी विचारतही नाही. माझ्या एका सहकाऱ्याला एम.फार्मला सुवर्णपदक होतं आणि बारावीच्या पीसीबीत ४७ टक्के. गट खुला. सुवर्णपदक पिशवीतच राहिलं.

तीन, बायोलॉजी नसेल तर. इंजिनिअर मंडळी इथेच हात टेकतात, आणि आता टेकायची गरज नाही. पूर्वी दोन वर्षं रीतसर कॉलेजातून बायोलॉजी केलेलं असणं सक्तीचं होतं. २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून केलेलं बायोलॉजीही ग्राह्य धरलं. आपल्या बोर्डाच्या भाषेत याला 'तुरळक विषय' म्हणतात. जवळच्या ज्युनिअर कॉलेजच्या कारकुनाला हाच शब्द सांगा, 'ॲडिशनल सब्जेक्ट' म्हटलंत तर तो तुम्हाला दुसऱ्या खिडकीवर पाठवेल. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे बायोलॉजीचा विषय क्रमांक ३१४. बोर्ड असो वा मुक्त विद्यालय, प्रात्यक्षिक परीक्षा चुकत नाही. या सगळ्यात एक वर्ष जातं हे धरूनच चाला, आणि दाखल होण्याआधी राज्य सीईटी कक्षाची, म्हणजे राज्यातले प्रवेश राबवणाऱ्या कार्यालयाची, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून घ्या.

आता महाराष्ट्राची खास मेख. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात जातात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात. राज्याच्या कोट्यासाठी अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात. वडिलांची बदली झाली म्हणून बारावी हैदराबादला किंवा इंदूरला केलेल्यांनी हे सगळ्यात आधी तपासावं. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, त्या पुस्तिकेत सापडतील. विदर्भ-मराठवाडा-उर्वरित महाराष्ट्र हा ७०:३० चा विभागीय हिशोब मात्र २०२० मध्ये संपला. जुन्या आठवणीवर कोणी सल्ला दिला तर सोडून द्या. गोव्यात बांबोळीच्या कॉलेजसाठीही नीटच, पण रहिवासाचे नियम त्यांचे वेगळे.

फाईल करा, आणि आत्ताच करा

निकाल लागल्यावर कागद गोळा करू म्हणणाऱ्याला निकाल ते प्रवेशाची पहिली फेरी हा काळ किती तोकडा असतो याची कल्पना नसते. मी एक प्लास्टिकची निळी फाईल केली होती आणि तिच्या पहिल्या पानावर यादी चिकटवली होती.

दहावीचं प्रमाणपत्र, कारण जन्मतारखेचा पुरावा तोच. बारावीची गुणपत्रिका. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, जो सेतूत किंवा आपले सरकारवर निघतो. राखीव गटात असाल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर. यातल्या वैधतेला महिने लागू शकतात. अभ्यास सुरू करायच्या आधी अर्ज टाका. लग्न झालं असलं तरी जातीचे कागद माहेरच्याच कागदांवर निघतात, तेव्हा वडिलांचा शाळेचा दाखला हाताशी ठेवा. एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास गटातल्यांनी लक्षात ठेवा की हा गट फक्त राज्याचा आहे. नीटच्या केंद्रीय अर्जात तो नाही, तिथे खुला किंवा पात्र असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट.

मग आपल्यासारख्यांचे तीन खास कागद.

पहिला, शाळा सोडल्याचा दाखला. आपण बारावीनंतर पदवीला गेलो तेव्हा मूळ दाखला त्या कॉलेजने ठेवून घेतला. आता लागतो तो शेवटच्या कॉलेजचा दाखला. मी माझ्या जुन्या कॉलेजात गेले तर कारकून म्हणाले, "मॅडम, दोन हजार पंधराचं रजिस्टर गोदामात आहे, शिपाई रजेवर आहे." तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मीच त्यांच्याबरोबर गोदामात उतरले. वाळवीने कडा खाल्लेलं रजिस्टर सापडलं, त्यात माझ्या आईच्या नावाची एक वेलांटी चुकलेली होती आणि ती दुरुस्त करायला वेगळा अर्ज. हे ऑगस्टमध्ये झालं असतं तर माझी फेरी गेली असती. सुदैवाने जानेवारी होता.

दुसरा, गॅपचं प्रतिज्ञापत्र. स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. मजकूर साधा असतो, पण तारखांत एक महिनाही मोकळा सोडू नका: "मी जून २०१५ मध्ये अमुक पदवी पूर्ण केली. जुलै २०१५ ते डिसेंबर २०२४ या काळात अमुक ठिकाणी नोकरी केली. जानेवारी २०२५ पासून प्रवेश परीक्षेची तयारी करीत आहे. या काळात मी अन्य कोणत्याही पूर्णवेळ अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेला नाही व माझ्यावर कोणताही फौजदारी गुन्हा दाखल नाही." कंपनीचं अनुभवपत्र जोडा.

तिसरा, बायकांसाठी, नावाचा. दहावीला माहेरचं नाव, आधारला सासरचं. अर्ज दहावीच्या नावाने भरायचा आणि विवाह नोंदणीचा दाखला कायम जवळ ठेवायचा. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर तेही. मी तर आधार परत माहेरच्या नावावर करून घेतलं. सासूबाईंना जरा लागलं, पण पुढचा ताप वाचला.

दुसरी पायरी: पैसा

लोक फीचा हिशोब करतात. खरा खर्च बुडणाऱ्या पगाराचा असतो. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, मिळून ६६ महिने. पगार ४५ हजार असेल तर २९ लाख ७० हजार, आणि त्यात वाढ धरलेलीच नाही. तयारीचे नोकरीविना महिने वेगळे. सरकारी कॉलेजची सगळ्या वर्षांची फी यापुढे किरकोळ वाटते. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती सरकारीच्या कित्येक पट असते, आणि संस्थेच्या कोट्यात तर त्याच्याही कित्येक पट. माझं मत स्पष्ट आहे: तिशीनंतर घर गहाण टाकून खासगी जागा घेऊ नका. पंचविशीत डॉक्टर झालेल्याकडे ते कर्ज फेडायला पस्तीस वर्षं असतात, आपल्याकडे तेवढी नसतात.

आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना राज्याने जुलै २०२४ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. वय मोठं म्हणून आपण त्यात नसणार असं गृहीत धरू नका, महाडीबीटीवरच्या अटी स्वतः वाचा.

राजीनाम्याची तारीख कॅलेंडर बघून ठरवा. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, दहा वर्षं झाली की ईपीएसच्या, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शनचा हक्क. माझी नऊ वर्षं आणि काही महिने झाले होते. दहा भरेपर्यंत अर्धवेळ का होईना, थांबायला हवं होतं असं आता वाटतं. आणि कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच जातो. घरच्यांचा स्वतंत्र विमा राजीनाम्याच्या वर्षभर आधीच काढा, कारण आधीच्या आजारांना थांबण्याचा काळ असतो. सासऱ्यांचा मधुमेह आपल्या नीटच्या वेळापत्रकाला विचारत नाही.

सरकारी कॉलेजातून बाहेर पडल्यावर एक वर्ष बंधपत्रित सेवा असते, नाही केली तर १० लाख दंड. मग पदव्युत्तर तीन वर्षं. बत्तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर सगळं सरळ गेलं तरी एमडी होईपर्यंत बेचाळिशी. हे एका कागदावर लिहा, नवरा-बायको दोघांनी वाचा. मग ठरवा.

तिसरी पायरी: घर

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 'सगळे मदत करू' या शब्दाला किंमत नाही, मदतीला वार आणि वेळ लागते. आमच्या फ्रिजवर कागद होता: सोमवार ते शुक्रवार डब्याचं नवरा बघणार, बालवाडीतून आणायचं काम आजीचं, रविवारी दुपारी दोन ते पाच मी घरात नाही असं समजायचं. त्या रविवारच्या तीन तासांचं कारण पुढे येईल.

चौथी पायरी: आता पुस्तक

नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबरला चार, चुकल्यास एक वजा. करोनाच्या काळात आलेले ऐच्छिक प्रश्न २०२५ पासून गेले.

जुनी पुस्तकं वापरू नका. मी पहिल्या प्रयत्नाच्या वेळी माळ्यावरची वापरली आणि पचनसंस्थेचा धडा तीन दिवस घोटला. तो २०२४ पासून अभ्यासक्रमातच नाही. वनस्पतींतलं वहन, खनिज पोषण, केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट, पॉलिमर, सरफेस केमिस्ट्री हेही गेलं. आयोगाचा चालू अभ्यासक्रम छापून घ्या, आणि एनसीईआरटीची नवी पुस्तकं. महाराष्ट्र बोर्डाचं पुस्तक वाईट नाही, पण प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांवरून येतात, कधी आकृतीखालच्या ओळीवरूनही.

प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. शाळा मराठी माध्यमाची असली तरी अकरावी-बारावीचं विज्ञान आपण इंग्रजीत केलं, त्यामुळे परीक्षेत 'हरितलवक' वाचून क्लोरोप्लास्ट आठवायला दोन सेकंद जातात. मी इंग्रजी घेतली.

आपल्या वयाचा खरा सापळा वेगळाच आहे. बायोलॉजी वाचायला गोड लागतं. दिवसभर काम करून आल्यावर रात्री दहाला माणूस हृदयाच्या झडपा वाचतो, रोटेशनल मोशन उघडत नाही. सहा महिन्यांनी बायोलॉजी तिसऱ्यांदा झालेलं असतं आणि फिजिक्स एकदाही नाही. सरकारी जागा कोणाला मिळणार हे मात्र फिजिक्स ठरवतं. २०२५ चा फिजिक्सचा भाग दिलेल्या कोणालाही विचारा. म्हणून पहाटे पाच ते सात, डोकं ताजं असताना, फक्त फिजिक्स. त्याआधी पंधरा दिवस गणिताची डागडुजी: त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, साधं डिफरन्सिएशन, सदिश. एवढ्यावर भागतं. जेवणाच्या सुट्टीत केमिस्ट्रीच्या अभिक्रिया, रात्री बायोलॉजी. नोकरी सांभाळून पंधरा ते अठरा महिने धरा आणि शेवटचे चार महिने तरी मोकळे मिळवा. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर मागे मोजत जा.

क्लासबद्दल: ऑनलाइन टेस्ट सिरीज घ्या, रोजची व्याख्यानं नकोत. आपल्याला शिस्त लावायला कोणी लागत नाही, आपल्याला सराव लागतो.

आणि तो रविवार. परीक्षा दुपारी दोन ते पाच असते. गेली कित्येक वर्षं त्या वेळेला आपलं शरीर वरण-भात खाऊन आडवं होतं. पहिल्या सराव परीक्षेत मी पावणेचारला अक्षरशः पेंगले. म्हणून दर रविवारी दोनला, छापील ओएमआर उत्तरपत्रिका आणि काळं बॉलपेन घेऊन सराव परीक्षा. मोबाईलवर उत्तर दाबणं आणि १८० गोल काळे करणं यात दहा-बारा मिनिटांचा फरक पडतो, आणि ती मिनिटं आपल्याला कोणी वाढवून देत नाही.

वजा गुणांचा हिशोब एकदा नीट समजून घ्या. माझ्या एका सरावात १६० सोडवले, १३० बरोबर, ३० चूक: ५२० वजा ३०, म्हणजे ४९०. नंतर तपासलं तर पंधरा प्रश्न 'वाटतंय बहुतेक हेच' म्हणून मारलेले होते. त्यातले दोन बरोबर, तेरा चूक. ते सोडले असते तर ४९५. गंमत अशी की पूर्ण आंधळेपणाने मारलं तर चारात एक लागायला हवा आणि थोडा फायदाच व्हायला हवा. पण अर्धवट आठवणीसाठीच पर्यायांत सापळे लावलेले असतात. अर्धवट आठवणारा आंधळ्यापेक्षा जास्त चुकतो. दहा वर्षांपूर्वी शिकलेलं सगळंच अर्धवट आठवतं, हीच आपली अडचण. त्या तेरा चुकांची मी वही केली आणि शेवटच्या महिन्यात तेवढीच वाचली.

मार्कांची तुलना वर्षांवर्षांत करू नका. २०२४ ला पहिल्या क्रमांकाला ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला ६८६. खुल्या गटाची पात्रता रेषा १६२ वरून १४४ वर आली. पात्र होणं आणि जागा मिळणं यात तर जमीन-अस्मानाचा फरक. रँक बघा.

फेऱ्या

अखिल भारतीय कोट्याची फेरी एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, घेते, राज्याची सीईटी कक्ष. दोन्हीकडे नोंदणी करा, पण जिथे खरंच जाऊ शकणार नाही ते कॉलेज पसंतीत टाकू नका. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली की अनामत जाते, आणि शेवटाकडे गेलं की बाहेरच पडता येत नाही.

अठरा वर्षांचं पोर कॉलेजच्या नावावर क्रम लावतं. आपण मुलीला कोण सांभाळणार यावर लावायचा. गेल्या काही वर्षांत बारामती, सातारा, सिंधुदुर्ग, अलिबाग, नंदुरबार इथे सरकारी कॉलेजं आली, २०२४ मध्ये तर एकदम दहा नवी. नव्या कॉलेजात शिक्षक अपुरे असू शकतात हे खरं. तरी बहीण ज्या गावात आहे तिथलं नवं कॉलेज मी मुंबईच्या मोठ्या नावाच्या वर टाकलं, आणि आजही तेच करीन. हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रात्यक्षिकाला ८० टक्के लागते. पोराला ताप आला म्हणून चार दिवस बुडाले की त्याची भरपाई बहीणच करते, कॉलेज नाही. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार संधी आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत, हेही लिहून ठेवा.

परदेशी एमबीबीएसचे एजंट या टप्प्यावर फोन करायला लागतात. नीट तिथेही लागते. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचं इंग्रजीतलं शिक्षण, तिथेच वर्षाची इंटर्नशिप, मग इथली परीक्षा, जिच्यात दर वेळी बसलेल्यांतले बहुतेक नापास होतात, आणि परत इथे वर्षभर इंटर्नशिप. बीएएमएस किंवा बीडीएस झालेल्यांना 'थेट दुसऱ्या वर्षात बसवतो' म्हणणारा तर सरळ फसवतोय. असा मागचा दरवाजा एमबीबीएसला नाही.

प्रवेशाच्या दिवशी

मूळ कागद, तीन झेरॉक्स संच, फोटो, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, आणि आई किंवा वडील. हो, आई किंवा वडील. रॅगिंगविरोधी हमीपत्र दोन असतात, एक विद्यार्थ्याचं आणि एक पालकांचं. नवऱ्याची सही चालेल का यावर टेबलावर दोघांत वाद सुरू झाला तेव्हा मागे रांगेत साठ पोरं उभी होती. त्याआधी दारावरच्या शिपायाने मला "पालकांनी बाहेर थांबायचं" म्हणून अडवलं होतंच.

बाबा बाहेर बाकावर बसले होते, म्हणून निभावलं. अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त. त्यांनी चष्मा लावून हमीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, पेन उघडलं, आणि सही करायच्या आधी कारकुनासमोरच मला विचारलं, "तू कुणाला त्रास देणार नाहीस ना?"